थायलेरियाच्या रिपोर्टात 'एकापेक्षा जास्त प्रकार' लिहिलंय, म्हणजे काय?

गोपालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: "मागे गाईला थायलेरिया निघाला होता, इंजेक्शन दिलं, गाय बरी झाली. आता पुन्हा तुमच्याच रिपोर्टात पॉझिटिव्ह. मग तेव्हा चुकलं की आता?" बहुतेक वेळा दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात. ते कसं, हे फोनवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

गोचीड ताप ज्याच्यामुळे येतो तो थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा एकपेशीय परजीवी. हायालोमा जातीची गोचीड चावली की तिच्या लाळेतून तो जनावरात उतरतो. आधी तो पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना कॅन्सरच्या पेशींसारखं बेलगाम वाढायला लावतो. पेशी दुभंगली की तोही दुभंगतो आणि दोन्हीकडे वाटला जातो. खांद्यापुढची गाठ हाताला टणक आणि मोठी लागते ती यामुळेच. पुढे तो तांबड्या पेशींत जातो. मग रक्त कमी होतं, पापणीच्या आतली कड आधी फिकट आणि कधी कधी पिवळी पडते.

काचपट्टीवर जे दिसत नाही

रक्ताचा लेप काचपट्टीवर ओढून त्याला जिम्सा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या आणि स्वल्पविरामासारखे ठिपके दिसतात. आहे की नाही, आणि किती आहे, हे त्यावरून कळतं. पण पाच वेगवेगळ्या घराण्यांचे परजीवी एकाच पट्टीवर असले, तरी पाचही अंगठ्या आपल्याला सारख्याच. अनुभवी डोळाही तिथे काही करू शकत नाही.

फरक असतो तो डीएनएमध्ये. काही जागी डीएनएची ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात, आणि ती किती वेळा येतात हे प्रत्येक वंशात वेगळं असतं. आम्ही पीसीआरने नेमक्या त्या जागांच्या प्रती काढतो आणि त्यांची लांबी मोजतो. यंत्र त्याचा आलेख देतं: सपाट रेघ आणि मध्येच उभे शेंडे. एक शेंडा म्हणजे एक लांबी.

आता इथे थोडं थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. गाईच्या स्वतःच्या डीएनएत एका जागी दोन शेंडे आले तर नवल नाही. एक प्रत आईची, एक वळूची. गाईच्या अंगातल्या थायलेरियाकडे मात्र प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते. म्हणून त्याच्या एका जागेवर दोन शेंडे दिसले, तर तो एकाच परजीवीचा वंश असू शकत नाही. किमान दोन वंश रक्तात फिरत आहेत. तीन शेंडे असतील तर किमान तीन. 'किमान' हा शब्द आम्ही रिपोर्टात मुद्दाम लिहितो. दोन वंशांची लांबी एखाद्या जागी योगायोगाने सारखी निघू शकते, म्हणून एकाच जागेवर विसंबून न राहता आम्ही अनेक जागा तपासतो.

हे काही तुमच्याच गोठ्याचं दुर्दैव नव्हे. ट्युनिशिया आणि तुर्कस्तानातल्या जनावरांवर याच पद्धतीने अभ्यास झाला, तेव्हा एकेका जनावरात अनेक प्रकार मिसळलेले आढळले आणि दोन देशांतले प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखू आले. या परजीवीचा संपूर्ण जनुकसंच 2005 साली वाचून झाला: फक्त 4 गुणसूत्रं आणि सुमारे 3,800 जनुकं. एवढ्याशा भांडवलावर इतके प्रकार!

इतके प्रकार येतात कुठून?

गोचिडीच्या पोटातून. गाईच्या अंगात थायलेरिया फक्त स्वतःच्या नकला काढतो. नर-मादी रूपांचा संयोग होतो तो गोचिडीच्या आतड्यात. गोचिडीने ज्या गाईचं रक्त प्यायलं तिच्यात दोन प्रकार असतील, तर तिथे त्यांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. पुढच्या जनावरात उतरतो तो पत्ते पिसून झालेला नवा डाव.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हा परजीवी गोचिडीच्या अंड्यांतून पुढे जात नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू कोरं असतं. त्याने बाधित जनावराचं रक्त प्यायलं तरच कात टाकल्यावर ते रोग देऊ शकतं. शिवाय चिकटलेल्या गोचिडीच्या लाळग्रंथीत परजीवी तयार व्हायलाही साधारण दोन-तीन दिवस रक्त पिणं लागतं. भिंतींच्या भेगा बुजवणं आणि जनावराच्या कासेजवळ, शेपटीखाली, कानांत रोज हात फिरवणं हे कंटाळवाणं काम आहे खरं, पण आमच्या कुठल्याही तपासणीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

बरी झालेली गाय पुन्हा पॉझिटिव्ह का?

दोन शक्यता. पहिली: जुनाच परजीवी थोड्या संख्येने रक्तात टिकून आहे. आजारातून उठलेली जनावरं दीर्घकाळ वाहक राहतात. काचपट्टीवर काही दिसत नाही, पीसीआरला मात्र सापडतं. दुसरी: नव्या गोचिडीने नवा प्रकार आणून सोडला. आधीच्या आजाराने मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकारांविरुद्धही बऱ्यापैकी चालते, त्यामुळे गाय आजारी पडत नाही, पण परजीवीला आत यायला पूर्ण बंदीही होत नाही. या दोहोंतलं नेमकं काय घडलं, हे आधीचा आणि आताचा आलेख शेजारी ठेवला की बरंचसं कळतं.

खाणारी, रवंथ करणारी, दुधाला नेहमीसारखी असलेली गाय निव्वळ पीसीआर पॉझिटिव्ह आहे म्हणून तिला इंजेक्शन टोचू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

लसीचंही तसंच. पांढऱ्या पेशींत वाढवून सौम्य केलेल्या परजीवीची ही लस एकाच वंशापासून बनलेली असते, तरी इतर प्रकारांच्या आजारापासून ती चांगलं संरक्षण देते. पण ती गोचिडीला अडवत नाही. लस दिलेली गाय पॉझिटिव्ह आली म्हणजे लस वाया गेली असं नव्हे. पूर्व आफ्रिकेतल्या थायलेरिया पार्वा या याच्या भावंडाच्या बाबतीत एका वंशाने भागेना, म्हणून तिथे तीन वंश एकत्र करून 'मुगुगा कॉकटेल' वापरतात. गंमत म्हणजे पुढे डीएनए वाचल्यावर त्यांतले दोन जवळजवळ सारखेच निघाले!

औषध लागू पडत नाही तेव्हा

बुपारव्हाक्वोन हे औषध परजीवीच्या सायटोक्रोम-बी या प्रथिनावर घाव घालतं. त्या जनुकात एखादं अक्षर बदललं तर औषधाची पकड सुटू शकते. असे बदल ट्युनिशिया, इराण, सुदान अशा देशांत सापडले आहेत. रक्तात अनेक प्रकार असताना औषध दिलं की कच्चे मरतात, आणि एखादा चिवट असेल तर मैदान त्याला मोकळं मिळतं.

पण आमचं स्पष्ट मत सांगतो: गुण आला नाही की लगेच चिवट प्रकारावर बोट ठेवू नका. बऱ्याचदा इंजेक्शन उशिरा दिलेलं असतं किंवा डोस कमी पडलेला असतो. मात्रा किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. नेहमीच्या, एका मिलीत 50 मिलिग्रॅम असलेल्या औषधात 400 किलोच्या गाईला 20 मिली लागतं, आणि तेही एकाच जागी न टोचता विभागून. नजरेने 300 किलो धरलेली गाय प्रत्यक्षात 400 ची निघते, आणि तिला 15 मिलीवर भागवलं जातं. म्हणून छातीचा घेर मापपट्टीने मोजून वजन काढा.

ही तपासणी कोणी करावी?

एखाद-दुसऱ्या गाईच्या मालकाला आम्ही सहसा नको म्हणतो. काचपट्टी आणि साधी पीसीआर पुरते. प्रकार-तपासणीचा खरा उपयोग होतो तो पूर्ण डोस वेळेवर देऊनही अनेक जनावरांना गुण येत नसेल तेव्हा, लस दिलेली जनावरं गंभीर आजारी पडत असतील तेव्हा, किंवा बाहेरून जनावरं आणल्यावर गोठ्यात एकाएकी साथ उठली तर. औषधाला दाद न देणाऱ्या जनावरांसाठी सायटोक्रोम-बीची तपासणी वेगळी मागावी लागते. शेंड्यांच्या आलेखावरून ते कळत नाही.

नमुना शक्यतो इंजेक्शनच्या आधी घ्या. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत रक्त घेतल्यावर ती आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करा. जोरात हलवू नका. बर्फाच्या पिशवीला नळी थेट टेकू देऊ नका, मध्ये कागद गुंडाळा. रक्त गोठून पेशी फुटल्या तर डीएनए मिळतो, पण लेप करता येत नाही. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहा, 'काळी गाय' असं नको. एकाच गोठ्यातून तीन 'काळ्या गाई' आमच्याकडे आलेल्या आहेत. दुसऱ्यांदा नमुना पाठवत असाल तर जुन्या रिपोर्टचा क्रमांकही टाका, म्हणजे दोन्ही आलेख ताडून पाहता येतील.