ताकद की तब्येत? फाशांच्या खेळासाठी आमचे घरचे नियम

"तब्येत कमावलीस की!" असं बेळगावात कुणी म्हटलं, तर समोरच्याचे दंड भरलेत असं समजायचं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी "तब्येत बरी नाही" म्हणून चादर ओढून पडला, तरी कुणाला काही खटकत नाही. बोलण्यात हे खपून जातं. टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग खेळात मात्र या दोन गोष्टींचे दोन वेगळे आकडे कागदावर लिहावे लागतात, आणि घोळ तिथंच सुरू होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशा खेळात अगदी १९७४ पासून स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) हे गुण वेगळे आहेत. तरी नवा गडी आला की पहिली मागणी हीच: "माझा पैलवान धिप्पाड आहे, त्याला हिट पॉइंट जास्त द्या." हिट पॉइंट म्हणजे पात्र किती मार सोसेल त्याचा आकडा.

मला हा फरक खेळाच्या पुस्तकातून कळला नाही, घरातल्या दोन माणसांवरून कळला.

मामा रविवार पेठेत हमाली करायचे. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन ते फळीवरून ट्रकात चढत, आणि खाली उतरताना कुणाशी तरी थट्टा चाललेली असे. हाच माणूस आमच्या घरी रिकाम्या हातांनी दोन मजले चढून आला की वरच्या पायरीवर बसून दम खायचा. विडीचं बंडल दिवसाला पुरायचं नाही. पावसाळा लागला की खोकल्यानं पंधरवडा आडवे.

आजी खानापूरकडची, जांबोटीच्या पलीकडच्या गावातली. भरलेली घागर तिला एकटीला उचलता येत नसे, डोक्यावर चढवून द्यायला शेजारीण लागायची. पण एकदा चढली की विहिरीपासून घरापर्यंतचा चढ ती एका दमात, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीशी बोलत काढायची. त्या भागातला पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको. त्यात दिवसभर भिजून भातलावणी करायची आणि संध्याकाळी चुलीपुढं बसायची. तिनं तापानं अंथरूण धरल्याचं मला आठवत नाही.

घागर उचलायला शेजारीण लागते, वाहायला लागत नाही. माझे सगळे घरचे नियम, म्हणजे पुस्तकातले बदलून आम्ही आमच्या टेबलावर वापरतो ते, या एका गोष्टीवर उभे आहेत. ताकदीचा प्रश्न एकदाच विचारला जातो: उचललं की नाही? तब्येतीचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: अजून चालतोस का? आता? आणि आता?

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडं बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं पहाटे रस्त्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं दिसतातच. भरतीत १.६ किलोमीटरची धाव वेगळी आणि बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढणं, वेगळा. बीमवर दहा काढणारा पोरगा धावेत मागच्या घोळक्यात दिसतो, यात कुणालाच नवल वाटत नाही. तालमीतही तेच. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. मातीतली निकाली कुस्ती लांबली की ताकदवान गड्याला आधी धाप लागते आणि दमाचा गडी त्याला शेवटी चीत करतो. म्हणून वस्ताद जोर-बैठकांवर भागवत नाहीत, रोज लढत घ्यायला लावतात.

आधी ताकद घेऊ, कारण ती सोपी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत स्ट्रेंग्थ गुणिले १५ पौंड इतकं ओझं माणूस कसलाही त्रास न होता बाळगतो, आणि त्याच्या दुप्पट उचलू किंवा ओढू शकतो. स्ट्रेंग्थ १० म्हणजे सामान्य माणूस. त्याचं बिनत्रासाचं ओझं होतं ६८ किलो. म्हणजे आपला एखादा कारकून सिमेंटची पन्नास किलोची पिशवी आणि वर एक शाळकरी पोर पाठीवर घेऊन जांबोटीहून कणकुंबीला चालत निघाला, आणि नियम त्याला काहीच म्हणत नाही! दुसऱ्या टोकाला उलटी गोची. स्ट्रेंग्थ २० चा महाबली जास्तीत जास्त २७२ किलो उचलतो. खऱ्या जगात आइसलंडच्या हाफथॉर ब्योर्नसननं २०२० मध्ये ५०१ किलो जमिनीवरून उचलले. सामान्य माणूस फार बळकट आणि बळकट माणूस फार सामान्य, असा हा हिशेब आहे. कारण तो सरळ रेषेत चढतो.

गर्प्स या खेळाच्या २००४ मधल्या चौथ्या आवृत्तीनं हे सुधारलं. तिथं ओझं ताकदीच्या वर्गानुसार वाढतं, म्हणजे ताकद दुप्पट झाली की ओझं चौपट. ती कल्पना मी उचलली आणि किलोत बसवली: ताकदीचा वर्ग म्हणजे एकदा जमिनीवरून उचलता येणारे किलो. त्याचा पाचवा भाग म्हणजे दिवसभर घेऊन चालता येणारं ओझं. १० वाल्याला एकदाच १०० किलो, चालताना २०. १८ वाल्याला ३२४ आणि चालताना ६५. २० वाला ४०० पर्यंत जातो. जत्रेत गोल दगड उचलण्याच्या पैजा पाहिलेल्या, ज्याला कन्नडमध्ये गुंडु कल्लु म्हणतात, त्या आमच्या गड्यांना हे लगेच पटलं. गुणाकार तोंडी होतो, आणि प्रत्येक पोत्याला फासा टाकावा लागत नाही.

तब्येत अवघड आहे, कारण हिट पॉइंट हा आकडा तब्येतीचा वेश घेऊन फिरतो आणि तब्येत नसतो.

गोकाकचा धबधबा घ्या. उंची सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दर दहा फुटांच्या पडण्याला एक सहाबाजू फासा, म्हणजे इथं सतरा फासे, सरासरी साठेक पॉइंटचं नुकसान. दहाव्या पातळीचा, कॉन्स्टिट्यूशन १६ असलेला योद्धा साधारण ९४ हिट पॉइंट बाळगून असतो. तो धबधब्याच्या माथ्यावरून खालच्या खडकावर पडतो, उठतो, कपडे झटकतो, आठ तास झोपतो आणि सकाळी पूर्ण ठणठणीत. गोकाकचा करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, कितीही पौष्टिक असला तरी हे जरा जास्तच झालं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं स्वतः १९७९ मध्येच स्पष्ट केलं होतं की हिट पॉइंटमध्ये शरीराच्या सहनशक्तीबरोबर कौशल्य आणि नशीबही मोजलेलं आहे. योद्धा वार अंगावर घेत नाही, शेवटच्या क्षणी हुकवतो, आणि हुकवता हुकवता दमतो. हे मान्य केलं तर नियम बदलायची गरजच नाही, नाव बदललं की झालं. आम्ही हिट पॉइंटला आता 'दम' म्हणतो. दम झोपेनं भरून येतो. तो संपला की पुढचा घाव अंगात जातो आणि त्याला 'जखम' म्हणतो. जखम झोपेनं भरत नाही. आणि कड्यावरून पडणं, गळ्यावर सुरी, बुडणं यात हुकवण्यासारखं काही नसल्यामुळं तिथं थेट जखम.

मग जखमा किती सोसायच्या हे कशावर ठरवायचं? इथं खेळ करणाऱ्यांचंही एकमत नाही. गर्प्सच्या तिसऱ्या आवृत्तीत हिट पॉइंट तब्येतीवरून ठरत आणि थकवा ताकदीवरून. चौथ्या आवृत्तीत त्यांनी नेमकं उलट केलं: हिट पॉइंट ताकदीवर, थकवा तब्येतीवर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. विचार केल्यावर चौथीचंच खरं वाटतं, निदान अर्धं. ताकदवान माणूस बहुधा आकारानं मोठा असतो, आणि मोठ्या शरीरात रक्त जास्त असतं. सामान्य माणसाच्या अंगात पाचेक लिटर; त्यातलं १५ टक्क्यांपर्यंत गेलं तर फारसं जाणवत नाही, ३० टक्क्यांपुढं रक्तदाब कोसळू लागतो. तितकंच रक्त आडदांड माणसाचं गेलं तर टक्केवारी कमी भरते. म्हणजे त्याला वाचवतो तो त्याचा आकार, ताकद नव्हे. कॉल ऑफ कथुलू या खेळानं हे १९८१ मध्येच ओळखलं. तिथं आकार हा वेगळा गुण आहे, आणि हिट पॉइंट म्हणजे आकार आणि कॉन्स्टिट्यूशन यांची सरासरी. ताकदीला त्यात शिरकाव नाही.

आम्ही तेच सोपं करून घेतलं: किरकोळ अंगाच्याला दोन जखमा, मध्यम अंगाच्याला तीन, आडदांडाला चार. त्यापुढची जखम म्हणजे माणूस मरणाच्या दारात. त्या भरून येणं मात्र पूर्णपणे कॉन्स्टिट्यूशनवर, आठवड्यातून एकदा वीसबाजू फासा, बारा किंवा जास्त पाहिजेत. याआधी मी हात, पाय, बरगडी, डोळा अशा बावीस जखमांचा तक्ता केला होता. एक मारामारी पावणेदोन तास चालली आणि दोघं जण कुंदा खात खिडकीतून पाऊस बघत बसले. तक्ता फाडला.

पुन्हा पुन्हा विचारण्याचा परिणाम किती होतो ते आकड्यात बघा. कॉन्स्टिट्यूशन १० वाल्याला बारा किंवा जास्त पडण्याची शक्यता ४५ टक्के, १६ वाल्याला (त्याच्या फाशात तीनची भर पडते) ६०. एका फाशात फरक मामुली. पण पावसात घाट चढताना दर तासाला हाच फासा टाकायचा आणि तीन तास न थकता काढायचे म्हटलं, तर पहिल्याला जमायची शक्यता जेमतेम ९ टक्के, दुसऱ्याला जवळजवळ २२. फरक दुपटीच्या वर गेला. आजीचा सगळा जोर या गुणाकारात होता. म्हणून तब्येतीचा प्रश्न एका फाशात कधीही मिटवू नका. मिटवलात तर त्या आकड्यावर कुणी गुण खर्चच करणार नाही.

ताकद आणि तब्येत यांचं एकमेकांशी नातं एकेरी ठेवलं आहे. थकव्याची प्रत्येक पायरी ताकदीतून दोन वजा करते. उलट दिशेनं काही नाही: ताकदीचा एक पॉइंटही ताप, विष किंवा थंडीच्या फाशात मिळवता येत नाही. आमच्यात एक जण खराच तालमीत जातो, त्याला हे आधी झोंबलं. खेळातल्या त्याच्या १८ ताकदीच्या गड्यानं भीमगडच्या रानात जखमी सोबत्याला खांद्यावर घेतलं, आणि तीन तासांत दोन पायऱ्या थकला. १४ वर आला. १४ चा वर्ग १९६, पाचवा भाग ३९ किलो. सोबती ५५ किलोचा. खाली ठेवावाच लागला.

"काय करुलास बे, पैलवान हाय तो!" असं तो माझ्यावर ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, मागच्या वर्षी कावीळ झाली तेव्हा पंचवीस जोर मारतानाच हात थरथरत होते.

सगळं सुटलंय असं नाही. दोरीवर वाद अजून चालतो. दोरी धरून स्वतःला वर ओढणं ताकद, हे सगळ्यांना मान्य. पण दोरीला नुसतं लटकून राहणं? मी म्हणतो, पहिल्या डावाला ताकद, दुसऱ्यापासून कॉन्स्टिट्यूशन. तालमीतला म्हणतो, मुठीची पकड ही ताकदच, मल्लखांबवाल्याला विचार. गेल्या शनिवारी खेळात राजहंसगडाच्या तटावरून त्याचा गडी लटकला, तेव्हा मी त्याला दाराच्या चौकटीवरच्या बारला लोंबकळायला लावलं आणि मोबाइलवर वेळ लावली. चव्वेचाळीस सेकंदांनी त्यानं हात सोडला आणि कॉन्स्टिट्यूशनचा फासा उचलला.