ट्रॉली घेताय? आधी पासिंगचं समजून घ्या

शेतकरी बंधूंनो,

उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉली आजच्या आज न्यायची घाई असते. "ट्रॅक्टरचं पासिंग झालंय, मग ट्रॉलीचं वेगळं कशाला?" हे आमच्या वर्कशॉपमध्ये नेहमी विचारलं जातं. पासिंग म्हणजे आरटीओतली नोंदणी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, हेसुद्धा मोटार वाहनच आहे. इंजिन नसलं तरी ट्रॉलीला स्वतःचा नंबर आणि स्वतःचं आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) लागतं. विनापासिंग ट्रॉली रस्त्यावर सापडली, तर पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पासिंग तुमच्या राहत्या पत्त्याच्या आरटीओत होतं. वाळवा, पलूस, कडेगावचे ग्राहक सांगलीला (एमएच-१०), कराड-पाटणचे कराडला (एमएच-५०). बिल, विक्रीचा दाखला (फॉर्म २१) आणि वाहन रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला (फॉर्म २२) आम्ही देतो. तुम्ही आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि विम्याचा कागद आणा. अर्ज फॉर्म २० वर भरायचा. कर्जाची ट्रॉली असेल तर त्यावर बँकेचा सही-शिक्काही लागतो.

ट्रॉली हलवण्याआधी एक काम स्वतः करा. चासिसवर (ट्रॉलीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. उमटलेले आकडे बिलाशी एकेक करून ताडून बघा. रंग जाड बसला असेल तर ३ आणि ८ सारखेच दिसतात, आणि कागदावर एक आकडा चुकला की अर्ज परत येतो. रंग खरवडायला सांगायला संकोच करू नका, आम्ही लगेच खरवडून देतो.

नंबर कुठे लिहायचा, यात सर्वांत जास्त चुका होतात. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या डाव्या बाजूला. मागे मात्र ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे. हंगामात ट्रॅक्टर बदलतो आणि मागे जुनाच नंबर राहतो. म्हणून मागचा नंबर रंगवू नका, बोल्टवर बसणारी पाटी करून घ्या. ट्रॅक्टर बदलला की पाटी बदला.

विम्याबद्दल कळकळीने सांगतो. आमच्या एका ग्राहकाने ट्रॅक्टरचा विमा वेळेवर भरला होता, पण पॉलिसीत ट्रॉलीची नोंदच नव्हती. रात्री भरल्या ट्रॉलीला मागून मोटरसायकल धडकली. दाव्याच्या वेळी कंपनीने नेमकं तेवढ्यावर बोट ठेवलं आणि गडी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. पॉलिसी हातात पडली की ट्रॉलीचा नंबर त्यात शोधा. नसेल तर त्याच दिवशी एजंटाकडून चढवून घ्या.

रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागची पट्टी उसाच्या वाढ्यांखाली, म्हणजे हिरव्या शेंड्यांखाली, झाकली जाते. फडातून निघताना वाढे कापून ती मोकळी करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण अंधारात मागच्या माणसाला तेवढीच दिसते.

भाड्याने वीट, मुरूम ओढायचा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. शेतीच्या नोंदणीवर तो धंदा चालत नाही. पासिंगनंतर फाळके (बाजूच्या फळ्या) वाढवणं किंवा चासिस लांबवणं परवानगीशिवाय करू नका. आम्हीही तसं वेल्डिंग करून देत नाही. आणि जुनी ट्रॉली विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवा, नाहीतर घेणाऱ्याने केलेला अपघात तुमच्या नावावर येईल.