बेळगावच्या पोटातली हद्द

बेळगाव आणि सीमा हे शब्द एकत्र आले की गोष्ट १९५६ पासून सुरू होते. राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातलं हे शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि वाद आजही मिटलेला नाही. पण त्याच्या कितीतरी आधीपासून एक हद्द या गावाच्या पोटातूनच जात होती. बेळगावच्या गल्ल्या नीट कळायला ती जुनी हद्द आधी माहीत हवी.

१८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची कमल बस्ती (जैन मंदिर) आणि आदिलशाहीतली साफा मशीद या किल्ल्यातच आहेत. किल्ल्याबाहेर लष्कराची छावणी वसली, ती आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखली जाते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ ही बाजारवस्ती इंग्रजी अमलात आली. लगतचं शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिलं. मधलं कपिलेश्वर मंदिर ओलांडलं की राज्य बदलायचं!

शहापूर म्हणजे सराफ आणि विणकरांचं गाव. हातमागावरची शहापुरी साडी इथलीच. शेजारच्या वडगाव-खासबागेतही मागांची खटखट असायची. खडे बाजार बेळगावला आहे, तसा शहापूरलाही वेगळा आहे. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झालं, तरी सवयी टिकल्या: बेळगावात रंग खेळतात धुळवडीला, शहापुरात रंगपंचमीला.

इंग्रजी बाजूला शहर वाढत गेलं, त्याची एक किंमत फारशी कुणाला आठवत नाही. सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे लोखंडी नांगर बनवू लागले होते. नव्या वस्तीसाठी त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे एका संस्थानानं बेळगावचा उद्योग नेला. शहरात उरला तो किर्लोस्कर रोड.

बेळगावच्या टिळकवाडी भागाचं नाव देशभर झालं ते १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे त्याचे कर्ते. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली ‘काँग्रेस विहीर’ अजून आहे, आणि शेजारून जाणाऱ्या रस्त्यालाही काँग्रेस रोडच म्हणतात. नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर शहर ‘बेळगावी’ झालं. गल्ल्यांची नावं मात्र लोकांच्या तोंडी जुनीच आहेत.