जुन्या सेटमधलं नेमकं काय म्हातारं होतं?

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या जुन्या बंगल्यांत, सिडकोतल्या घरांत, पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात अजूनही 'सेट' सापडतो. १९८०–९० च्या दशकात हौसेने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक, कुणाकडे रेकॉर्ड प्लेअर आणि शोकेसच्या दोन्ही बाजूंना लाकडी खोक्यांतले स्पीकर. दिवाळीच्या साफसफाईत त्याचा विषय हमखास निघतो. मुलगा म्हणतो, भंगारात द्या, साउंडबार घेऊ. बाबा म्हणतात, याच्या आवाजाची सर त्या डबीला नाही. बाबांचं म्हणणं खरं असू शकतं, पण ते आज सेट लावून सिद्ध होणार नाही. कारण सेट गुणगुणतो, व्हॉल्यूम फिरवला की खरखरतो आणि बास तर कुठे गेलाय कोण जाणे.

असा सेट सगळा मिळून जुना होत नाही. त्यातले काही भाग तीस-चाळीस वर्षांनीही जवळपास होते तसेच असतात आणि काही पार कुजलेले असतात. बहुतेक लोक पैसे घालतात ते नेमके न कुजलेल्या भागावर. चांगला अ‍ॅम्प्लिफायर काढून नवा आणतात, आणि फाटके स्पीकर तसेच ठेवतात.

अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलं की जाडजूड ट्रान्सफॉर्मर, हीट सिंकवर बसवलेले ट्रान्झिस्टर आणि दोन मोठे नळकांड्यासारखे कपॅसिटर चटकन नजरेत भरतात. दुरुस्तीवाले त्यांना कंडेन्सरच म्हणतात. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, त्याला फारसं वय लागत नाही. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टरही तापवून मारला नाही तर मालकाला पुरून उरतो. खरं दुखणं असतं कंडेन्सरचं. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी उलटसुलट होत असते. डायोडमधून ती एकाच दिशेची केली की तिच्यात सेकंदाला १०० उंचवटे उरतात. ते सपाट करणं हे कंडेन्सरचं काम. नळाला पाणी ठरावीक वेळीच आलं तरी गच्चीवरची टाकी घरातल्या तोटीला ते कळू देत नाही, तसंच. पण इथली टाकी आतून वाळत जाते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. बुडाच्या रबरी बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं थोडाथोडा उडून जातो. साठवण घटते, आतला रोध वाढतो आणि ते १०० हर्ट्झचे उंचवटे थेट स्पीकरमधून ऐकू यायला लागतात. गुणगुण येते ती अशी.

ती कुठून येते हे घरच्या घरी ओळखता येतं. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. गुणगुण तशीच राहिली तर संशय पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर. व्हॉल्यूमबरोबर ती कमीजास्त होत असेल तर दोष आधीच्या टप्प्यात आहे, म्हणजे सहसा एखाद्या ढिल्या पिनमध्ये, शील्ड तुटलेल्या केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये.

कंडेन्सरचा खरा वैरी उष्णता. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. त्यात सेट काचेच्या बंद शोकेसमध्ये आणि वर दोन विणलेले रुमाल! धूळ बसू नये म्हणून घेतलेल्या या काळजीनेच बरेच अ‍ॅम्प्लिफायर अकाली गेले असावेत असं मला वाटतं. वरची जाळी मोकळी आणि आजूबाजूला चार बोटं जागा, एवढं पुरतं.

वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगमध्ये घालायचा नाही. जाणता मिस्त्री तो सिरीज बोर्डवर लावतो, म्हणजे विजेच्या वाटेत जुन्या पद्धतीचा, तारेचा १०० वॉटचा बल्ब जोडतो. एलईडी इथे चालत नाही.

"काका, बल्बकडे बघा. सेटकडे नको," मिस्त्री म्हणतो.

बटण दाबलं की बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होत जवळजवळ विझतो. याचा अर्थ कंडेन्सर भरले आणि आत कुठे शॉर्ट नाही. बल्ब तसाच भगभगत राहिला तर आत काहीतरी जळालेलं आहे, पण सगळी वीज बल्बने स्वतःवर घेतल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. इतकं स्वस्त आणि इतकं चोख निदान दुसरं क्वचित असेल. मात्र झाकण उघडून हात घालण्याचं काम जाणत्या मिस्त्रीनेच करावं. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो आणि तो जोरदार झटका देऊ शकतो.

व्हॉल्यूमची खरखर हा किरकोळ आजार. बटणाखाली कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धूळ आणि ऑक्साइड बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा, बटण पाच-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायचं, झालं.

आता स्पीकर. कोनच्या, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेला जी मऊ गोल झालर असते ती त्या काळच्या पुष्कळ स्पीकरांत पॉलियुरेथेन फोमची असायची. या फोमची रासायनिक साखळी हवेतल्या ओलाव्याने तुटत जाते. चार महिन्यांचा पावसाळा तिला पुरेसा ओलावा देतो. पंधरा-वीस वर्षांत फोम चिकट किंवा भुसभुशीत होतो आणि बोट लावलं तर काळा चुरा हाताला येतो. झालर फाटली की कोन मधोमध राहत नाही, त्यामागची व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, चुंबकाच्या अरुंद फटीत घासते, आणि पुढची-मागची हवा फाटलेल्या जागेतून एकमेकींत मिसळून खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात. बास गेला तो इथे. रबराची किंवा कापडाची झालर असेल तर ती बराच जास्त काळ टिकते.

आणि तरीही स्पीकर टाकून द्यायचं कारण नाही. चुंबक, चौकट, कोन आणि खोकं सगळं शाबूत असतं. फक्त मापाची नवी झालर चिकटवायची असते आणि ती सुकेपर्यंत कॉइल मध्यावर धरून ठेवायची असते. शेवटी दीड व्होल्टचा एक साधा सेल घ्या आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. अधिक टोक अधिकला असेल तर बहुतेक स्पीकरांचा कोन बाहेर सरकतो. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने सरकले पाहिजेत. एकाच्या तारा उलट लागल्या असतील तर एक हवा ढकलत असताना दुसरा ती ओढतो, बास पातळ होतो आणि गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध उभी न राहता खोलीभर पसरते. कित्येक घरांत 'सेटमध्ये दम राहिला नाही' या तक्रारीचं मूळ एवढंच असतं.

दम म्हटलं की वॉट आलेच. एम. जी. रोडवरच्या दुकानात विक्रेता आधी वॉटचा आकडा सांगतो. पण कानाचा हिशेब बेरजेचा नसतो, पटींचा असतो. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो, म्हणजे फरक जाणवतो इतकंच. दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा ४० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून ८० वॉटचा आणल्यावर सुख मिळतं ते बहुतांशी पावतीवर. त्याऐवजी एका वॉटला एक मीटरवर ८७ ऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर घेतला तर तेवढाच फायदा अ‍ॅम्प्लिफायर न बदलता होतो.

यापुढचा सगळ्यात मोठा घटक कुठल्याच दुकानात मिळत नाही: खोली. जुन्या नाशकातल्या वाड्यांना तक्तपोशी होती, मातीच्या भिंती होत्या, जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात गाद्यांची चळत. आताच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, गुळगुळीत पुट्टी, मोठ्या काचा. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच अशी उघडी-बोडकी खोली घ्या. तिचे पृष्ठभाग सरासरी पाच टक्के ध्वनी शोषतात असं धरलं तर टाळी विरायला सुमारे पावणेदोन सेकंद लागतात. जाड पडदे, गालिचा, सोफा, पुस्तकांची फडताळं आली की हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो आणि गाण्याचे शब्द एकमेकांवर चढायचे थांबतात.

हे गणित वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाचं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की तिथे बोललेलं कळेना. सबाइन रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि ध्वनी विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंद होता. गाद्या वाढवत गेलं की तो घटत जायचा. खोलीचं आकारमान आणि एकूण शोषण यांचा संबंध सांगणारं त्याचं सूत्र आजही वापरलं जातं.

बासचं मात्र गाद्यांनी भागत नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी नेमकी बसेल असा सूर खोलीत अडकून फुगतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे, त्यामुळे दहा फुटांसाठी हा सूर येतो ५६ हर्ट्झ आणि बारा फुटांसाठी ४७. आपल्या उदाहरणातल्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून ५६ ला दुप्पट जोर. बास गिटारची मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झवर लागते. ती छेडली की शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरते, आणि पुढचा सूर येतो तो पुन्हा पातळ. स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले असतील तर हे आणखी वाढतं. ते भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे घ्या, बसायची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवा. खर्च शून्य. मात्र घरातल्या इतरांची परवानगी लागते आणि ती मिळवणं हाच यातला कठीण भाग आहे.

ऐकणाराही जुना होतो, हे सेटच्या हिशेबात धरायला हवं. साठीनंतर १० ते १२ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे तिशीतल्या मुलाला कर्कश वाटणारा ट्रेबल बाबांना जेमतेम पुरतो. दुसरी गोष्ट कोणत्याही वयात लागू आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज कमी असला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. ५० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा सुमारे ४० डेसिबल जास्त लागतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण याचसाठी होतं. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकताना ते दाबायचं आणि रविवारी दुपारी मोठ्याने लावताना सोडायचं. लोक ते कायम दाबून ठेवतात.

तारांबद्दल दोन शब्द. वायरिंगसाठी मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरासाठी नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१२ ओम होतो. आठ ओमच्या स्पीकरपुढे हा दीड टक्का. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने यात कानाला कळेल अशी सुधारणा होत नाही.

उरला फोन. जुन्या सेटला नव्या जमान्यात आणायला एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर किंवा यूएसबी डॅक (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारी डबी) पुरतो. फक्त तो लावायचा अ‍ॅम्प्लिफायरमागच्या 'ऑक्स' किंवा 'टेप-इन' लिहिलेल्या भोकांत. मागे 'फोनो' लिहिलेली भोकं रिकामी दिसतात म्हणून तिथे लावू नका. ती रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या इवल्याशा सिग्नलसाठी असतात. शिवाय रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो. १९५४ मध्ये ठरलेल्या, अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या आरआयएए प्रमाणानुसार फोनोचं सर्किट ते उलटं करून देतं. फोनचा सिग्नल तिथे गेला तर शेकडो पटीने मोठा होऊन फाटतो, बास ढोलासारखा फुगतो आणि नुकतीच चिकटवलेली झालर पहिल्याच गाण्याला पणाला लागते.