प्लॅटिनमचं घड्याळ सोन्याच्यापेक्षा अचूक चालतं?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘वर्ल्ड टाइम घड्याळ प्लॅटिनमचं असेल तर सोन्याच्यापेक्षा अचूक वेळ दाखवतं.’ वर्ल्ड टाइम म्हणजे एकाच तबकडीवर जगभरच्या शहरांची वेळ दाखवणारं घड्याळ. किंमत बघता असं वाटणं साहजिक आहे.

पण मौल्यवान धातू असतो तो मुख्यतः बाहेरच्या केसचा, म्हणजे घड्याळाच्या कवचाचा. आतलं मशीन बहुतेक पितळ आणि पोलादाचंच. दोन्ही मॉडेल्सच्या माहितीपत्रकात कॅलिबर नंबर, म्हणजे आतल्या मशीनचा नंबर, बघा. तोच असेल तर मशीनही तेच. आणखी खात्री हवी तर ठाण्यात नौपाड्यात ज्या घड्याळजीकडे टायमिंग मशीन असेल, त्याला विचारा. टिकटिक ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, हे सांगतं.

धातूचा फरक हातात घेतल्यावर कळतो. प्लॅटिनम चांगलंच जड. केसवर भिंगातून 950 दिसलं तर प्लॅटिनम, 750 म्हणजे 18 कॅरेट सोनं, मग ते पांढरं का असेना.

आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो दुकानात क्वचितच कुणी विचारतं. नेहमीच्या 24 शहरांच्या तबकडीवर शहरं एकेका तासाच्या अंतरावर असतात. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा कराचीत पाच, ढाक्यात सहा. आपला अर्धा तास त्या तबकडीत बसतच नाही, धातू कुठलाही घ्या.