महिला ग्रामसभा: ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं किती पूर्वी?

७३ वी घटनादुरुस्ती, १९९३, पंचायतीत बायकांना आधी ३३ टक्के आणि मग २०११ ला महाराष्ट्रात ५० टक्के आरक्षण, हे सगळ्यांना माहितीये, त्यात परत शिरत नाही. पण त्याने एक बाई सरपंचाच्या खुर्चीत बसली, गावातल्या बाकी बायकांना घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का, निराधार पेन्शनचा अर्ज कुठं अडकलाय हे कोण सांगणार, तो प्रश्न तसाच राहिला. ग्रामसभेत बायका यायच्याच कमी, आल्या तरी मागे भिंतीला टेकून बसायच्या, आणि पुरुषांचं बोलून झालं की सभा संपलीच.

म्हणून ग्रामपंचायत कायद्यात (कायदा तसा १९५८ चा) नंतर तरतूद घातली गेली की प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यायची. माझ्या मते आरक्षणाइतकीच मोठी गोष्ट ही, पण हिची चर्चा कुणी केली नाही.

सगळा घोळ त्या ‘पूर्वी’ या शब्दात आहे. आदल्या दिवशी घेतली तर बायकांनी मांडलेला विषय मोठ्या सभेत नीट जातो, त्यावर विचार होतो. पण बऱ्याच गावांत त्याच दिवशी सकाळी तासभर आधी उरकतात, म्हणजे ऐन भाकरी-पाण्याच्या वेळेला, आणि मग कोण येणार? त्याहून वाईट म्हणजे शिपाई प्रोसिडिंग (सभेच्या नोंदींचं रजिस्टर) घेऊन दारोदार फिरतो, "वहिनी, इथं सही करा" म्हणतो, बाई हातातलं पीठ झटकून सही करते आणि कागदावर सभा झाली. आता दवंडीही गेली, सभेची नोटीस व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते आणि फोन बहुतेक घरात नवऱ्याच्या खिशात.

पुढे २०१५ ला सेवा हक्काचा कायदा आला, दाखल्याला मुदत ठरली, आपले सरकार पोर्टल आलं, चांगलंच झालं. पण माहिती आली ती मोबाईलवर, ओटीपीवर. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला तेव्हा विधवा आणि टाकून दिलेल्या बायकांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलं. हेच आधी महिला सभेत कुणी बसून समजावलं असतं तर सेतू केंद्राच्या इतक्या चकरा पडल्या नसत्या.

आमच्या चुलतीने माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून प्रोसिडिंगची नक्कल काढली. त्यात तिचीच सही सापडली, आणि त्या तारखेला ती माहेरी होती, आईच्या तेराव्याला. पुढची महिला सभा आदल्या दिवशी, दुपारी तीनला, अंगणवाडीत झाली. पहिला विषय घरकुलाची यादी वाचून दाखवणे.