मायचं जातं, बापाचं संबळ

मराठवाड्यातल्या लोकगायकाला ‘गाणं कुठं शिकलात?’ असं विचारलं की तो जरा बिचकतो. शिकायला शाळा नव्हती, गंडा बांधणारा गुरू नव्हता. ‘माय दळताना म्हणायची’, ‘आमच्या घरात परडी होती’, ‘बाप संबळ वाजवायचा’ अशी उत्तरं येतात. परडी म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची टोपली, संबळ म्हणजे गोंधळ्याचं जोडचर्मवाद्य. मुलाखत घेणाऱ्याला तो विनय वाटतो आणि तो पुढच्या प्रश्नाकडं वळतो. खरं तर गायकानं तिथं गाण्याचा पत्ता सांगितलेला असतो. गाणं कुणाकडून आलं यावरच ते कुणी, कव्हा आणि कुणापुढं म्हणायचं हे इकडं ठरत आलंय.

सगळ्यात जुना पत्ता जात्याचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, शके 1051 म्हणजे इसवी सन 1129 च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या शिवेला लागून. त्यानंतर शंभरेक वर्षांनी देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचा अधिकार सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आज हिंदुस्थानी आणि कर्नाटकी असे दोन्हीकडचे गवई तो ग्रंथ आपला मानतात. त्यानंही ओवीची दखल घेतली. नृत्याच्या प्रकरणात तो ‘गौंडली’ नावाचा प्रकार सांगतो आणि अभ्यासक त्याचा धागा गोंधळाशी, म्हणजे देवीपुढं रात्रभर गाऊन-नाचून करायच्या विधीशी, जोडतात. दौलताबादचा किल्ला बघायला जाणाऱ्यांना तोफा दाखवतात, अंधारी दाखवतात, शार्ङ्गदेवाचं नाव मात्र कुणी काढत नाही.

ओवी कुणाच्या मालकीची नव्हती, पण म्हणणारीची ती स्वतःची होती. ‘पहिली माझी ओवी’ कुणाला द्यायची हे जात्यावर बसलेली बाईच ठरवायची. कुणी विठ्ठलाला देई, कुणी गावच्या मारुतीला, कुणी आईबापाला. पुढं भाऊ, माहेर, सासू, पंढरीची वाट, सीतेचा वनवास. हे विषय ठरलेले वाटतात, पण घर सुटलेली बाई सीतेचा वनवास गाते तेव्हा ती रामायण सांगत नसते. गंगाखेडच्या जनाबाईनं तेराव्या-चौदाव्या शतकात हेच केलं. ‘दळिता कांडिता, तुज गाईन अनंता’ म्हणणारी ही दासी भक्तीसाठी काम सोडून देवळात जात नाही, देवालाच जात्याशी बोलावते. गोदाकाठच्या कितीतरी बायांनी जनीचं नाव आपल्या ओवीत गोवलं ते एवढ्यासाठीच. देव दळू लागतो ही कल्पना दळणारीलाच सुचणार.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी 1980 च्या दशकापासून अशा ओव्या जमवायला घेतल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. तोवर गावोगाव पिठाची गिरणी पोचली होती. पहाटेचं दळण गेलं तशी ओवी म्हणायची वेळही गेली. बायांना ओव्या पाठ होत्या, पण जात्याचा खुंटा हातात नसला की सुचत नाहीत असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत. ध्वनिमुद्रणासाठी जुनी जाती पुन्हा मांडावी लागली यात नवल नाही.

दुसरा पत्ता तुळजापूरचा. इथलं गाणं नवसानं येतं. घरात आजारपण निघालं, मूल जगेना, की भवानीच्या नावानं बोलायचं आणि माळ-परडी घ्यायची. कवड्यांची माळ गळ्यात, परडी हातात, मंगळवारी-शुक्रवारी पाच घरं जोगवा. असं व्रत घेतलेले बाया-पुरुष म्हणजे आराधी. त्यांचा मेळा संबळ, तुणतुणं, झांजेवर रात्ररात्र देवीची गाणी म्हणतो. आवाज गोड असावा अशी अट नाही. माळ घातली की म्हणावंच लागतं, आणि म्हणता म्हणता एखादीचा गळा असा काही उघडतो की अख्खा मेळा तिच्यामागं म्हणू लागतो. आज ज्या गायिका आराधी गीतांसाठी नावाजल्या जातात त्यांच्यातल्या अनेकींची सुरुवात अशी कर्तव्यातून झालेली असते. आवड मागाहून येते.

याच जोगव्याला पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात वेगळं वळण दिलं. ‘अनादि निर्गुण प्रगटली भवानी’ या त्यांच्या पदात महिषासुर आहे तो मोहाचा, आणि परडीत मागायचंय ते धान्य नव्हे, ज्ञान. नाथांनी गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या अशा दारावर येणाऱ्या सगळ्यांचे आवाज उचलले आणि त्यांची भारुडं केली. सुमारे तीनशे भारुडं त्यांच्या नावावर आहेत. मला यात सगळ्यात मोठी गंमत पुढची वाटते. पंडितानं लोकांची चाल घेऊन वेदांत सांगितला, आणि लोकांनी तो वेदांत परत आपल्या मेळ्यात घेतला. नाथांचा जोगवा आराध्यांच्या तोंडी असा बसला की म्हणणाऱ्याला ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा ऐकूनच कर्ता आठवावा. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात विंचवाचं भारूड रंगतं तेव्हा विंचू म्हणजे काम-क्रोध हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नरसीच्या नामदेवांची गोष्ट आणखी लांब गेली. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नरसी हिंगोली जिल्ह्यात, आणि शेजारच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ती पदं गुरुमुखीत वाचली जातात. पंजाबला जाऊन ती पुन्हा शेजारी आली.

तिसरा पत्ता जन्माचा. गोंधळी रेणुराई आणि कदमराई असे दोन, पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजाभवानीचे. परशुरामानं बेटासुराला मारून त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि ते वाजवत आईपुढं आला, अशी माहूरची कथा आहे. लग्न झालं की गोंधळ घालायचा हा कुळाचार, आणि कुठल्या घरचा गोंधळ कुणी घालायचा हेही पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेलं. पोराला संबळ वाजवायची आकडी हातात दिली जायची ती हौस म्हणून नव्हे. परभणीच्या राजाराम कदमांनी हा कुळाचार मंचावर नेला आणि ‘गोंधळमहर्षी’ म्हणून नाव कमावलं.

जन्मानं आलेलं सगळंच मिरवण्यासारखं नव्हतं, हेही इथंच सांगायला हवं. दारोदार मागत गायचं हा काहींच्या वाट्याला आलेला जातीचा भोग होता. 1956 च्या धर्मांतरानंतर कित्येक घरांनी पोतराजाचा आसूड आणि जोगव्याची परडी खाली ठेवली. गळा मात्र कुठं ठेवणार? माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावरच्या ओव्या बाबासाहेबांवर रचल्या. 1996 मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. चाल तीच, देवाच्या जागी भीमराया. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. मधल्या सोळा वर्षांत या गाण्यांनी सभा, मोर्चे आणि घरातली दुःखं सगळं वाहिलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात दारोदार एकतारीवर गात, मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्यांचा आवाज राज्यभर गेला. भजनाची एकतारी आणि भीमगीत यांत कुणाला विसंगती दिसते. मला तरी ती एकाच घरातली दोन माणसं वाटतात.

कॅसेट आल्या तशी आराधी गीतं तीन-चार मिनिटांची झाली, संबळाशेजारी कीबोर्ड बसला. चाली सिनेमातून उसन्या आल्या म्हणून नाकं मुरडणारे आहेत. नाथांनी वासुदेवाची चाल उसनी घेतली होती हे ते सोयीनं विसरतात. माझी तक्रार आहे ती वेळेबद्दल. रात्रभराचा गोंधळ मंचावर वीस मिनिटांचा होतो, तेव्हा आख्यान पहिलं कापलं जातं. आवाहन तेवढं राहतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, पंढरीचा विठोबा अशी एकेका देवाला गावासकट हाक घालायची आणि शेवटी ज्याच्या अंगणात गोंधळ आहे त्याचं कुलदैवत बोलवायचं, असा रिवाज. सभागृहात अंगण कुणाचंच नसतं. मी ऐकलेल्या एका कार्यक्रमात गोंधळी त्या जागेवर क्षणभर थांबला, संबळावर एक आडवी थाप मारली, आणि आपल्या गावच्या मरीआईला हाक घातली.